पाखरूसाहेबांचे सापळे

पाखरूसाहेबांना कुणी त्यांचं खरं नाव विचारलं तर ते स्वतःही क्षणभर थांबून सांगायचे, इतकं ते नाव गेल्या बावीस वर्षांत वापरातून गेलं होतं. खात्याच्या कागदांवर ते 'साठा तपासनीस' होते. पण ज्यांच्या साठ्याची ते तपासणी करायचे, त्या गिरणीवाल्यांनी आणि बेकरीवाल्यांनी त्यांना पाखरूसाहेब करून टाकलं. आधी पाठीमागे, मग तोंडावर. साहेबांना त्यात मान वाटायचा आणि कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

पाखरू म्हणजे पिठातलं पाखरू. घरोघरी असतं ते, पण आपल्या घरात आहे हे कुणी कबूल करत नाही. करड्या पंखांचं, नखाएवढं, दिसायला अगदी गरीब. गंमत म्हणजे हे पाखरू स्वतः काहीच खात नाही. त्याचं आयुष्य दोन आठवड्यांचं आणि ते सगळं लग्न जमवण्याच्या खटपटीत जातं. खाते ती त्याची अळी. ती पिठात जाळी विणते, पिठाचे गठ्ठे करते आणि मग डब्यात हात घालणारी बाई किंचाळते.

ही पाखरं पकडायचा सरकारी उपाय म्हणजे सापळा. पुठ्ठ्याचा तिकोनी बोगदा, आत चिकट थर आणि मधोमध रबराची एक छोटी गोळी. त्या गोळीला मादी पाखराचा वास असतो. माणसाला तो येत नाही, पण नर पाखराला तो पार रस्त्यापलीकडूनही येतो आणि बिचारा नवरदेवासारखा धावत येऊन चिकटतो. साहेब दर गुरुवारी सापळा उघडून नवरदेव मोजायचे. आठवड्यात दहाच्या वर निघाले की नोटीस. अशा लागोपाठ तीन नोटिसा झाल्या की दुकानाला सील. बावीस वर्षांत साहेबांनी अकरा दुकानांना सील ठोकलं होतं आणि एकाकडूनही चहाचा घोट घेतला नव्हता.

"साहेब, आमच्या पिठात काही नाही हो. ही बाहेरून येतात," असं प्रत्येक दुकानदार म्हणायचा.

"कुठून आलं ते नियमात नाही. सापळ्यात आहे की नाही, एवढंच नियमात आहे," असं साहेब प्रत्येकाला सांगायचे. हे वाक्य त्यांना इतकं तोंडपाठ झालं होतं की समोरचा बोलायला लागायच्या आत ते सुरू करायचे.

आता साहेबांची काम करायची पद्धत सांगायला हवी, कारण त्या पद्धतीचा त्यांना भारी अभिमान होता. सकाळी ते धान्यबाजारातली गोदामं करायचे, दुपारनंतर दुकानं. वासाच्या गोळ्या उन्हात खराब होतात म्हणून इतर तपासनिसांसारख्या त्या स्कूटरच्या डिकीत न टाकता ते कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवायचे. सरकारी माल आहे, जपायला नको? पुडी दातांनी फाडायचे, गोळी बोटांनी काढून सापळ्यात बसवायचे आणि बोटं रुमालाला पुसायचे. हातमोजे खात्याकडून मिळायचे, पण चिकट थराला ते अडकून फाटतात, मग उगाच नासाडी. उरलेल्या गोळ्या घरी फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी. आणि दुकानात गेले की रस्त्याची धूळ अंगाबरोबर पिठाजवळ जाऊ नये म्हणून कोट काढून पिठाच्या खोलीतल्याच खुंटीला अडकवायचे. मग तासभर बसून तक्ता भरायचे. इतका काळजीवाहू माणूस खात्यात दुसरा नव्हता.

साहेबांची थोरली बहीण बेकरी चालवायची. नवरा गेल्यापासून एकटीने. पहाटे पीठ मळायची, पाव भाजायची, दुपारी बिस्किटं, संध्याकाळी गल्ल्यावर बसायची. बेकरी म्हणजे पुढे दुकान, मधे भट्टी, मागे पिठाची खोली आणि माडीवर तिचं बिऱ्हाड. वीस वर्षं ती बेकरी दुसऱ्या तपासनिसाच्या हद्दीत होती आणि वीस वर्षांत तिच्या सापळ्यात कधी दोनच्या वर पाखरं निघाली नव्हती. या वर्षी खात्याने हद्दी बदलल्या आणि ताईची बेकरी साहेबांकडे आली.

नात्यातलं दुकान असेल तर तपासनिसाने ते दुसऱ्याकडे द्यावं, अशी सोय होती. साहेबांनी ती नाकारली. "बहीण आहे म्हणून दुसऱ्याकडे दिली, तर लोक म्हणतील सौम्य माणूस शोधून दिला," असं त्यांनी मोठ्या साहेबांना ऐकवलं. मोठे साहेब खूष झाले आणि त्यांनी बैठकीत या बाणेदारपणाचं उदाहरण दिलं.

पहिल्याच आठवड्यात ताईच्या सापळ्यात चौदा पाखरं निघाली. दुसऱ्या आठवड्यात सतरा.

साहेबांनी दोन्ही नोटिसा स्वतःच्या हाताने लिहिल्या आणि स्वतःच्या हाताने ताईला दिल्या. ताईने पहिली वाचली नाही. दुसरी वाचली आणि घडी करून पदराला हात पुसला.

"छोट्या," ती म्हणाली. बावन्न वर्षांच्या, टक्कल पडत चाललेल्या माणसाला जगात एवढी एकच व्यक्ती छोट्या म्हणायची. "तिसरी दिलीस तर भट्टी बंद. पुन्हा परवाना मिळेपर्यंत दीड वर्ष जाईल. तोवर मी काय करू, तुझ्या घरी येऊन भांडी घासू?"

"कायदा सगळ्यांना सारखा, ताई."

"सगळ्यांना असेल. पण पाखरं मलाच का? तू यायच्या आधी एक नव्हतं."

"आधीचा माणूस नीट मोजत नसेल."

हे बोलून साहेब घरी गेले तर तिथे बायको तिसऱ्यांदा पिठाचे डबे उन्हात घालत होती. घरातही पाखरं होतीच. किती वर्षं होती याचा हिशोबच नव्हता. कपाटातल्या शर्टांवर बसायची, फ्रिज उघडला की दाराशी घिरट्या घालायची. साहेबांचं निदान ठरलेलं होतं: ताई दर आठवड्याला बिस्किटं पाठवते, त्यातून येतात.

"बिस्किटं पत्र्याच्या डब्यात येतात, घट्ट झाकणाच्या," बायको म्हणाली. "आणि मी चार दिवस माहेरी गेले तर तिथे माझ्यामागे एकही येत नाही. तुम्ही न्यायला आलात की येतात. आई दर वेळी म्हणते, जावई आले की पाखरं आली."

"तुझ्या आईला दुसरं काम नाही."

"ते खरं आहे," बायको म्हणाली, "म्हणूनच तिचं लक्ष असतं."

तिसऱ्या गुरुवारी साहेब बेकरीत पोचले. धास्ती ते कबूल करणारे नव्हते, पण सकाळच्या गोदामांत त्यांनी दोनदा आकडा चुकवला होता. त्यांनी कोट खुंटीला लावला, स्टूल घेतलं, सापळा काढला, उघडला. मोजले. पुन्हा मोजले. तेरा.

खरं तर त्यांना रडू यायच्या बेतात होतं. लहानपणी याच बहिणीने त्यांना कडेवर घेऊन शाळेत पोचवलं होतं. पण त्यांनी पेन काढलं.

"थांब," ताई म्हणाली. "लिहायच्या आधी मला एक अळी दाखव."

"अळीचा रकाना नाही तक्त्यात."

"तक्त्यात नसू दे. पिठात दाखव. सतरा नवरे येऊन गेले, मग एकालाही पोरबाळ झालं नाही? असली कसली ही वऱ्हाडं!"

बावीस वर्षांत साहेबांनी पाखरं मोजली होती, पण पीठ चाळून पाहायचं कधी कामच पडलं नव्हतं. ताईने चाळण आणली. पहिलं पोतं दोघांनी मिळून चाळलं, मग दुसरं, मग फळीवरचे डबे, मग कपाटाचे कोपरे, पोत्यांच्या शिवणी, चाळणीची कड. अळी नाही. जाळं नाही. पिठात एक गुठळी निघाली, ती फोडली तर नुसतं पीठ होतं. भाऊबहीण दोघंही पांढरे झाले.

साहेब घाम पुसत स्टुलावर टेकले. ताई त्यांच्याकडे बघत उभी होती आणि बघता बघता तिचा चेहरा बदलला.

"छोट्या, हलू नकोस."

"काय झालं?"

"हलू नकोस म्हटलं ना."

ती जवळ आली आणि बोटाने हवेत टिपत मोजू लागली. कॉलरवर एक. कानामागे एक. शर्टाच्या बाहीच्या दुमडीत दोन. पाठीवर एक आपल्याच तोऱ्यात फिरत होतं. मग ती खुंटीकडे गेली आणि दोन बोटांनी कोटाचा आतला खिसा उघडून धरला. तिथून चार पाखरं बाहेर आली, पंख फडफडवत, जणू कुणी त्यांची झोपमोड केली होती.

"एकूण नऊ," ताई म्हणाली. "पिठात एक नाही, तुझ्या अंगावर नऊ. त्या सगळ्यांना तू बायको वाटतोस रे!"

एवढं बोलून ती हसायला लागली. इतकी हसली की भट्टीवरच्या माणसाने आत डोकावून पाहिलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांना सकाळची गोदामं दिसत होती, जिथे ते कोट घालून दोन दोन तास फिरायचे. आणि तो कोट काढून ते कुठे कुठे लावत आले, त्या खुंट्या दिसत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी गोळ्यांच्या खोक्यातला माहितीचा कागद काढला. हे कागद त्यांना बावीस वर्षं दर महिन्याला मिळत होते. मागची बाजू कोरी असते म्हणून ते त्यावर कच्ची बेरीज करायचे. छापलेली बाजू त्यांनी आज प्रथमच वाचली, आणि तीही बायकोचा चष्मा लावून, कारण अक्षर पिठातल्या पाखराच्या अंड्याएवढं होतं. गोळी उघड्या हाताने धरू नये. खिशात बाळगू नये. वास कपड्यांना किंवा कातडीला लागल्यास महिनोन्महिने टिकतो, धुतल्याने जात नाही.

"काय लिहिलंय?" बायकोने विचारलं.

"तुझ्या आईचं बरोबर होतं," साहेब म्हणाले. लग्नानंतर हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं आणि बायकोला ते साजरं करायची इच्छा झाली, पण त्यांचा चेहरा पाहून तिने नुसता आपला चष्मा परत घेतला.

साहेबांनी तक्ता भरला. 'पाखरे: तेरा' असं लिहिलं, कारण ती होतीच. आणि खाली, जिथे फक्त सही करायची असते, तिथे त्यांनी लिहिलं: 'पिठात अळी नाही. पाखरे तपासनिसाबरोबर आली. पूर्वीची अकरा दुकानेही पुन्हा तपासावीत.' मग तो कागद घेऊन ते थेट मोठ्या साहेबांकडे गेले.

मोठ्या साहेबांची खोली पाचव्या मजल्यावर. खिडक्या बंद, हवा थंड, तिथे पाखरू यायला त्याला लिफ्ट चालवता आली पाहिजे. त्यामुळे साहेबांच्या अंगावर त्या दिवशी पुरावा म्हणून एकही नव्हतं. मोठ्या साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"म्हणजे पाखरं तुमच्यावर भाळलीत असं म्हणता?"

"गोळीच्या वासावर, साहेब. मी बावीस वर्षं..."

"बावीस वर्षं भाळलेली होती आणि तुम्हाला कळलं कधी, तर सख्ख्या बहिणीची तिसरी नोटीस लिहायच्या दिवशी. अहो, काही लाज? मी तुमचं उदाहरण देतो बैठकीत!"

"साहेब, ती खरंच बाहेरून आली. माझ्यामुळे आली."

"कुठून आली ते नियमात नाही, पाखरूसाहेब," मोठे साहेब म्हणाले. "सापळ्यात आहे की नाही, एवढंच नियमात आहे. तुम्हीच हे इथल्या नव्या पोरांना शिकवता ना?"

चौकशी लागली. बेकरीत ताजे सापळे लावायचे आणि एका आठवड्याने उघडायचे. दहाच्या वर निघाली तर त्याच दिवशी सील. हे सगळं दुसऱ्या तपासनीसबाईंच्या देखरेखीखाली, पण सापळे लावायचे पाखरूसाहेबांनीच, स्वतःच्या हाताने, आणि बाजू मांडायची असेल तर तिथेच मांडायची. गैरहजर राहिल्यास सांगण्यासारखं काही नाही असं धरलं जाईल.

सापळे लावायचा दिवस पुढचा सोमवार ठरला. साहेबांनी कोट जाळला. सगळे शर्ट जाळले. खरखरीत दगडाने अंग घासघासून लाल केलं. मग न्हाव्याकडे जाऊन होते नव्हते ते केस काढून टाकले, मिशीसकट. बायको म्हणाली, आता तुम्ही पिठाच्या गोळ्यासारखे दिसता. रविवारी सकाळी कोऱ्या कपड्यांत ते गॅलरीत उभे राहिले, कुणाच्याही अध्यात ना मध्यात. पाच मिनिटांत शेजारच्या खिडकीतून एक पाखरू आलं आणि त्यांच्या तुळतुळीत टकलावर बसलं. त्यांनी ते उडवलं. ते फिरून परत आलं.

दुपारी ताईचा फोन आला. "उद्या ये," ती म्हणाली. "नाही आलास तर नोकरीवर गदा येईल तुझ्या."

"आणि आलो तर?"

"ये रे तू," ती म्हणाली. "व्हायचं ते होऊ दे. दीड वर्ष काय, जाईल."

सोमवारी साहेब निघाले. त्यांना जायचं होतं, हे स्पष्ट सांगायला हवं. बावीस वर्षं त्या माणसाने आपल्या नावाला डाग लागू दिला नव्हता. चार लोकांसमोर उभं राहून आपण खोटं बोलत नाही एवढं सांगायची त्यांची फार इच्छा होती. ते बेकरीच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले. खात्याची गाडी दारात दिसली. तपासनीसबाई उतरल्या, त्यांनी घड्याळ पाहिलं. ताई दारात येऊन गल्लीच्या तोंडाकडे बघत होती.

कोपऱ्यावर जनावरांच्या खाद्याचं दुकान होतं. तिथली पोती ओलांडताना साहेबांनी आपल्या बाहीकडे पाहिलं. तीन होती. चौथं येत होतं.

ते मागे वळले आणि जितक्या वेगाने चालता येईल तितक्या वेगाने चालत गेले, थेट शहराबाहेरच्या पुलापर्यंत. मागे वळून पाहिलं नाही. आपली नोकरी गेली हे त्यांना पहिल्या दहा पावलांतच कळलं होतं. पुलावर पोचल्यावर ते कठड्याला टेकले आणि लहान मुलासारखे रडले. बाहीवरच्या चौघांना मात्र त्याचं काही नव्हतं.

तपासनीसबाईंनी अर्धा तास वाट पाहिली, गैरहजेरी लिहिली आणि सापळे स्वतः लावले. त्यांच्या कातडीला रबर चालत नाही म्हणून त्या कापडी हातमोजे घालायच्या. त्या गोदामांतून नव्हे, कार्यालयातून सरळ आल्या होत्या. आठवड्याने त्यांनी सापळे उघडले. एकूण पाखरं: एक. तेही बहुतेक मागच्या पाहुण्यांतलं राहिलेलं.

ताईची बेकरी सुटली. आता साहेबही सुटले असं ज्याला वाटेल त्याने सरकारी खातं पाहिलेलं नाही. मोठ्या साहेबांनी निकाल लिहिला तो असा: बेकरी स्वच्छ आहे, अर्थात आधीच्या चौदा, सतरा आणि तेरा या नोंदी खोट्या आहेत. तपासनिसाने त्या घरगुती वैरातून, सख्ख्या बहिणीचा धंदा बुडवण्यासाठी केल्या. पुढे प्रकरण अंगाशी येतंय असं दिसताच पाखरांच्या प्रेमाची गोष्ट रचली आणि चौकशीला तोंड दाखवलं नाही. सबब सेवेतून कमी. राहिली अकरा दुकानं. तर त्या दुकानदारांशी तपासनिसाचं काही नातं नाही, म्हणून वैर नाही, म्हणून त्या नोंदी खऱ्या आहेत. सील कायम.

हा कागद साहेबांनी बेकरीबाहेरच्या बाकावर बसून ताईला वाचून दाखवला. आत ते जात नव्हते. ताई उंबऱ्यावर बसली होती, मधे चार हात अंतर ठेवून, आणि पावाचा तुकडा तिने त्यांच्याकडे अलगद फेकल्यासारखा दिला होता.

"बावीस वर्षं खोटं लिहिलं ते सगळं खरं धरलं," साहेब म्हणाले. "एकदा खरं लिहिलं तर घालवलं."

"माझ्यापुरतं वाचलं ना," ताई म्हणाली. "तुझ्यामुळे बुडत होते आणि तू आला नाहीस म्हणून वाचले. उपकार म्हणू की काय म्हणू, कळत नाही मला." मग तिचा आवाज खाली आला. "केस येतील रे परत."

साहेबांनी पाव खाल्ला नाही. हातात नुसता धरून ठेवला.

"अकरा आहेत ताई. एक गिरणीवाला होता, त्याने माझे पाय धरले होते. पीठ चाळून बघा म्हणत होता. मी त्याला म्हटलं, रकाना नाही. त्यांच्यासाठी आता मी कुणाला काय सांगणार? खोट्या नोंदी करणारा म्हणून शिक्का बसलाय. माझ्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार?"

ताईने भट्टीकडे एक नजर टाकली आणि उठता उठता पदर झटकला.

"त्या अकरा जणांकडे जा," ती म्हणाली. "ते ठेवतील. पहिल्या दिवसापासून ते तुला हेच सांगत होते."